स्मोक अलार्म घ्या, नुसता डिटेक्टर नको

ऑनलाइन ‘स्मोक डिटेक्टर’ असं शोधलं की पांढऱ्या बशीसारख्या दिसणाऱ्या वस्तूंची रांग लागते. दिसायला सगळ्या सारख्याच. त्यांतल्या बऱ्याच मात्र घरासाठी नसतातच. त्या ऑफिस, हॉटेल, टॉवरच्या लॉबीत लागणाऱ्या फायर सिस्टीमचे सुटे भाग असतात. अशा डिटेक्टरला दोन तारांवरून २४ व्होल्टचा पुरवठा लागतो, धूर दिसला की तो कंट्रोल पॅनलला कळवतो, आणि भोंगा वाजवायचं काम पॅनल करतं. त्याच्या पोटात ना सेल असतो ना भोंगा. स्वस्त मिळाला म्हणून आणून छताला लावला तर घर जळून गेलं तरी तो चूं करणार नाही.

घरासाठी हवा तो ‘स्टँडअलोन स्मोक अलार्म’: धूर ओळखणारा कप्पा, सेल आणि भोंगा तिन्ही एकाच डबीत. वर्णनात ‘कन्व्हेन्शनल’, ‘ॲड्रेसेबल’, ‘टू वायर’, ‘बेस वेगळा घ्यावा लागेल’ असले शब्द दिसले की पुढे जा. ‘बिल्ट-इन साउंडर’, ‘बॅटरी ऑपरेटेड’ आणि ‘३ मीटरवर ८५ डेसिबल’ या तीन गोष्टी लिहिलेल्या असतील तर पुढची चौकशी करा.

नव्या टॉवरमध्ये बिल्डरने घरात आधीच डिटेक्टर दिलेले असतात. ते पॅनलला जोडलेले असतात आणि त्यांची देखभाल सोसायटीकडे असते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात, दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. सोसायटीच्या सभेत ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. पण आधी मान वर करून घरातला डिटेक्टर बघा. त्यावर लाल किंवा नारिंगी प्लास्टिकची टोपी तशीच आहे का? ती बांधकामाची धूळ आत जाऊ नये म्हणून असते, ताबा घेताना काढायची. टोपीसकट डिटेक्टर म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधलेला वॉचमन. इंटिरिअरवाल्याने पीओपी करताना तो फॉल्स सीलिंगच्या वर गाडून टाकलाय का, तेही पाहा. हे अगदी नेहमी होतं. तसं झालं असेल तर तो खाली आणून घ्या, आणि हे काम एजन्सीकडूनच करून घ्या. एक वायर सुटली तर त्या लाइनवरच्या बाकीच्यांचाही संपर्क तुटू शकतो.

आता तुमच्या स्वतःच्या अलार्मबद्दल.

कुठल्या जातीचा

घरासाठी ऑप्टिकल, म्हणजेच फोटोइलेक्ट्रिक घ्या. आत काळ्या प्लास्टिकच्या वेड्यावाकड्या भिंतींचा एक छोटा कप्पा असतो. त्यात एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारा सेन्सर असतो, पण दोघं एकमेकांच्या समोर नसतात. एरवी प्रकाश सेन्सरपर्यंत पोचत नाही. धूर आत शिरला की त्याच्या कणांवरून प्रकाश विखुरतो, सेन्सरला तो दिसतो आणि भोंगा सुरू होतो. ही रचना लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या तक्रारींचं मूळ तीत आहे: कप्प्याला धूर, वाफ, धूळ आणि कोळ्याचं जाळं यांतला फरक फारसा कळत नाही.

रात्री घरात लागणाऱ्या आगी पुष्कळदा धुमसत सुरू होतात. गादीवर पडलेली डासांची कॉइल, सैल प्लगमुळे तापलेला एक्स्टेन्शन बोर्ड, सोफ्याच्या फटीत गेलेली बिडी. ज्वाळा दिसायच्या आधी बराच वेळ दाट, राखाडी धूर येतो. तो ऑप्टिकल अलार्म लवकर पकडतो. आयोनायझेशन जातीचा अलार्म भडकत्या आगीला थोडा आधी वाजतो, धुमसत्या आगीला मात्र उशिरा. शिवाय फोडणीच्या अदृश्य कणांनी तो सारखा ओरडतो. त्यात अमेरिशियम-२४१ हे किरणोत्सारी द्रव्य अत्यल्प प्रमाणात असतं, त्यामुळे भारतात तो अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कक्षेत येतो. परदेशातून कोणी भेट म्हणून आणला असेल तर उलटा करून बघा, मागे किरणोत्साराची खूण असेल. तो उघडू नका, फोडू नका.

स्वयंपाकघरासाठी तिसरी जात आहे, हीट अलार्म. धुराशी त्याला देणंघेणं नाही. छताजवळचं तापमान साधारण ५७-५८ अंश सेल्सियसला गेलं की तो वाजतो. काही मॉडेल तापमान झपाट्याने वाढतंय एवढ्यावरही वाजतात. ओट्यावर कढईतलं तेल पेटलं तर तो सांगेल. मिरचीच्या ठसक्याला दाद देणार नाही. पण झोपलेल्या माणसाला धुरापासून वाचवण्याच्या कामाचा तो नाही, म्हणून बेडरूममध्ये किंवा पॅसेजमध्ये स्मोक अलार्मऐवजी हीट अलार्म लावू नका. विदर्भात पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत लावायचा असेल तर आणखी एक अडचण आहे. मे महिन्यात पत्र्यालगतची हवा इतकी तापते की हीट अलार्म उगीच वाजू शकतो. तिथे पत्र्याला न लावता भिंतीवर पत्र्यापासून वीतभर खाली लावा, आणि डबीवर लिहिलेली तापमानाची मर्यादा आधी वाचा.

डबीवर काय वाचायचं

युरोपीय मानक ईएन १४६०४ किंवा अमेरिकी यूएल २१७, यांपैकी एक छापलेलं असावं. डबीवर ही अक्षरं रोमन लिपीत असतात. नुसतं ‘सीई’ लिहिलेलं पुरत नाही. ते कोणीही छापतो. खऱ्या ईएन १४६०४ अलार्मवर सीई खुणेजवळ तपासणी संस्थेचा चार आकडी क्रमांक असतो. यूएलच्या नव्या चाचणीत हॅम्बर्गर भाजून त्याच्या धुराला अलार्म उगीच वाजत नाही ना, हे बघतात. चांगलं आहे, पण मोहरी-हिंगाच्या फोडणीची चाचणी कोणी घेतलेली नाही, तेव्हा त्या भरवशावर अलार्म ओट्याजवळ नेऊ नका.

मागच्या बाजूला उत्पादनाची तारीख किंवा ‘रिप्लेस बाय’ असं वर्ष असतं. अलार्मचं आयुष्य १० वर्षं, आणि ते सहसा उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात. दुकानात तीन वर्षं पडून राहिलेला माल स्वस्तात मिळाला तर तुमच्या हाती सातच वर्षं उरतात.

सेलचा प्रश्न खरेदीच्या वेळीच सोडवून टाका. जमत असेल तर सीलबंद लिथियम बॅटरीचा, १० वर्षांचा अलार्म घ्या. महाग पडतो, पण त्याचा खरा फायदा वेगळाच आहे: रिमोटचा सेल संपला म्हणून कोणी अलार्ममधला काढून नेत नाही. बदलता सेल असेल तर तो अल्कलाइनच घाला. ९ व्होल्टच्या साध्या झिंक-कार्बन सेलची क्षमता ४०० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास असते आणि आपल्या दमट हवेत तो लवकर पाझरतो. अल्कलाइनची ५५० च्या आसपास, लिथियमची साधारण १२००. रिचार्जेबल सेल घालू नका. त्याची क्षमता कमी असते आणि व्होल्टेज शेवटपर्यंत टिकून एकदम कोसळतं, त्यामुळे ‘सेल संपत आलाय’ ही सूचना द्यायला अलार्मला पुरेसा वेळच मिळत नाही.

दोनपेक्षा जास्त खोल्या असतील तर रेडिओने एकमेकांना जोडलेले, म्हणजे ‘वायरलेस इंटरकनेक्ट’ अलार्म घ्या. हॉलमधल्याला धूर लागला की बेडरूममधलाही वाजतो. दार बंद, एसी चालू, पंखा पाचावर, अशा खोलीत हॉलमधल्या भोंग्याचा आवाज फार क्षीण पोचतो. जोडायचे सगळे एकाच कंपनीचे, शक्यतो एकाच मॉडेलचे घ्या. दोन कंपन्यांचे एकमेकांशी बोलत नाहीत. वायफायवाला अलार्म मोबाइलवर निरोप पाठवतो, गावी गेल्यावर ते उपयोगी पडतं. वीज गेली की राउटर बंद आणि निरोपही बंद, पण भोंगा सेलवर वाजत राहिला पाहिजे. तसा तो वाजतो का, हे राउटर बंद करून एकदा तपासा.

घरात आजी-आजोबांना कमी ऐकू येत असेल तर साधा किणकिणता भोंगा पुरत नाही. वयानुसार आधी जातं ते उंच पट्टीतलं ऐकणं, आणि बहुतेक अलार्म नेमके त्याच पट्टीत वाजतात. ५२० हर्ट्झचा खर्जातला भोंगा असलेली किंवा उशीखाली ठेवायच्या कंप पावणाऱ्या चकतीला जोडता येणारी मॉडेल मिळतात.

कुठे लावायचा: पंख्याशी भांडण

एकच घेणार असाल तर झोपायची जागा आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या पॅसेजमध्ये लावा. वन बीएचकेला दोन हवेत: एक बेडरूममध्ये, एक हॉलमध्ये. टू बीएचकेला हॉल, पॅसेज आणि प्रत्येक बेडरूम. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी घरात आणून चार्ज करत असाल तर त्या जागेवर एक वेगळा हवा, आणि ती जागा बाहेर पडायच्या दाराजवळ नको. लिथियम बॅटरी पेटली की तयारीला मिनिटं मिळत नाहीत.

धूर वर चढतो म्हणून अलार्म छताला. विदेशी पुस्तिकेत ‘खोलीच्या मधोमध’ लिहिलेलं असतं. आपल्याकडे खोलीच्या मधोमध पंखा असतो, आणि पुस्तिका इथेच कामाची राहत नाही. पंखा मधली हवा खाली ढकलतो, ती भिंतींलगत वर चढते आणि पुन्हा पात्यांवरून ओढली जाते. धुमसत्या कोपऱ्यातला पातळ धूर छताशी साठण्याऐवजी खोलीभर पातळ होत राहतो. त्यात पात्यांची धूळ अलार्मवर सतत उडते ती वेगळीच. म्हणून पात्याच्या टोकापासून निदान ३ फूट अंतर ठेवा.

आता हिशेब करा. ४८ इंची पंखा, म्हणजे मध्यापासून टोकापर्यंत २ फूट. त्यात ३ फूट मिळवले की ५. खोली १० बाय १० ची असेल तर मध्यापासून भिंतही ५ फुटांवरच. म्हणजे चारही बाजूंच्या मध्यावर जागाच उरत नाही. उरतो तो कोपरा. दोन्ही भिंतींपासून एकेक फूट सोडून कोपऱ्यात छतावर खूण करा. ती जागा पंख्याच्या मध्यापासून तिरकी साडेपाच फुटांहून थोडी जास्त येते. अगदी सांध्यात मात्र सरकवू नका, तिथे हवा कोंडून राहते आणि धूर उशिरा शिरतो. भिंतीपासून फूटभर अंतर म्हणूनच.

छताला भोक पाडता येत नसेल तर भिंतीवर लावा, अलार्मचा वरचा काठ छतापासून १५ ते ३० सेंटिमीटर खाली. भिंतीवर चालतो असं पुस्तिकेत लिहिलंय का ते पाहा. काही फक्त छतासाठी असतात. फॉल्स सीलिंग असेल तर अलार्म त्याच्या खालच्या पृष्ठभागावर, आतल्या दिव्यांच्या खाचेत नव्हे.

बाकीची अंतरं सोपी आहेत. गॅसच्या शेगडीपासून ३ मीटर. बाथरूमच्या दारापासून ३ फूट, कारण गीझरच्या गरम पाण्याची वाफ कप्प्याला धुरासारखीच दिसते. एसीच्या झोतात नको. ट्यूबलाइट आणि दिव्यांपासून फूटभर लांब. चाळीतल्या १० बाय १५ च्या एकाच खोलीत ओटा मागच्या भिंतीला असेल तर अलार्म दाराच्या बाजूला लावा, ३ मीटर सहज निघतात. तिथे ‘हश’ बटण, म्हणजे अलार्म काही मिनिटं गप्प करणारं बटण, असलेलंच मॉडेल हवं.

कोकणातल्या कौलारू घरात वर माळा किंवा लाकडी तक्तपोशी असेल तर अलार्म तिच्या खाली. उघड्या कौलांखाली धूर फटींतून निघून जातो, आढ्यापर्यंत पोचलेला थंड होऊन पसरतो. तक्तपोशी नसेल तर आढ्याखाली ४ इंच सोडून पुढच्या ३ फुटांच्या आत तो बसवा. चूल पेटणाऱ्या खोलीत स्मोक अलार्म लावण्यात अर्थ नाही.

देवघराचं काय, हा हमखास येणारा प्रश्न. बंद खोलीतल्या देवघरात रोज धूप-उदबत्ती होत असेल तर अलार्म त्या खोलीत न लावता दाराबाहेर, दारापासून दोन मीटरवर लावा. नवरात्रात अखंड दिवा नऊ दिवस-रात्र तेवतो, लाकडी देव्हारा आणि पडदा शेजारीच असतात; त्या दिवसांत हा बाहेरचा अलार्म चालू आहे ना, हे घट बसवायच्या आदल्या दिवशीच बघून घ्या.

लावताना

कागदावर ब्रॅकेटची भोकं उतरवून तो कागद छताला चिकटवा. पंख्यापासून स्विचबोर्डच्या दिशेने स्लॅबमधून वायरिंगचा पाइप गेलेला असतो. ती रेघ मनात आखून तिच्यापासून दूर भोक पाडा. छतावर गोल झाकणं दिसत असतील तर ते जंक्शन बॉक्स, त्यांना जोडणाऱ्या रेघाही टाळा. शंका असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि काहीही झालं तरी मेन स्विच बंद.

काँक्रीटला ६ मिलिमीटरचं मेसनरी बिट, ३० मिलिमीटर खोल. बिटवर त्या मापाला इन्सुलेशन टेप गुंडाळा म्हणजे अंदाज चुकत नाही. एक कागदी कप तळाला भोक पाडून बिटमध्ये ओवा, सगळा चुरा त्यात पडतो. अलार्म तोवर पाकिटातच ठेवा. हीच सिमेंटची पूड कप्प्यात गेली की पहिल्याच आठवड्यात अलार्म कारण नसताना वाजतो आणि सगळे म्हणतात, माल खराब निघाला. भोकं साफ करा, प्लास्टिकचे गुटके ठोका, स्क्रूने ब्रॅकेट बसवा आणि अलार्म घड्याळाच्या दिशेने फिरवून अडकवा. सेल घातल्याशिवाय काही अलार्म ब्रॅकेटमध्ये बसतच नाहीत. ती मुद्दाम केलेली सोय आहे. सेल नसताना अडवणारी ती छोटी खुंटी घासून काढू नका.

भाड्याच्या घरात दुहेरी टेप वापरायची असेल तर डिस्टेंपरवर सरळ चिकटवू नका. बोट फिरवून बघा, पांढरी भुकटी हाताला लागते ना? टेप त्या भुकटीला चिकटते, भिंतीला नाही, आणि जूनच्या दमटपणात रात्री दोन वाजता अलार्म डोक्यावर पडतो. तेवढा गोल पॉलिश पेपरने घासा, कोरड्या फडक्याने पुसा, टेप अर्धा मिनिट दाबून धरा, आणि अलार्म दुसऱ्या दिवशी अडकवा.

शेवटी टेस्ट बटण पाच-दहा सेकंद दाबा. एकाने बटण दाबायचं आणि दुसऱ्याने बेडरूममध्ये दार लावून, पंखा आणि एसी चालू करून झोपायचं. उठवण्याइतका आवाज येत नसेल तर त्या खोलीत आणखी एक अलार्म लागेल. लावल्याची तारीख मार्करने कडेवर लिहा.

देखभाल, किंवा सेल न काढण्याची कला

महिन्यातून एकदा टेस्ट बटण. पहिला रविवार ठरवा. स्टुलावर चढायची गरज नाही, झाडूच्या दांडीने बटण दाबता येतं. बटणाने सेल, भोंगा आणि सर्किट तपासलं जातं. धूर आत शिरण्याच्या फटी मोकळ्या आहेत की नाही, हे त्यातून पूर्ण कळत नाही. त्यासाठी स्मोक डिटेक्टर तपासायचा स्प्रे मिळतो, वर्षातून एकदा पुरे. काडी, मेणबत्ती खाली धरून तपासू नका. उदबत्तीने तपासण्याचीही सवय नको: तिच्यातलं तेल कप्प्यात चिकट थर धरतं आणि त्यावर धूळ बसते.

वर्षातून दोनदा साफसफाई. एकदा एप्रिलमध्ये, पावसाळ्याच्या आधी. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन तारखेला सोयीचा आहे. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवान बळी पडले, त्यांच्या स्मरणार्थ तो पाळतात. दुसऱ्यांदा खंडेनवमीला. घरातली हत्यारं, यंत्रं, गाडी पुसून पुजायचा दिवस. त्या यादीत अलार्म घाला आणि बदलता सेल असेल तर त्याच दिवशी नवा घाला, जुना वाजेपर्यंत वाट बघू नका. पावसाळा संपलेला असतो, दिवाळी पुढे असते, वेळ बरोबर साधते.

साफ करायचं म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरचा मऊ ब्रश बाहेरच्या सगळ्या फटींवरून फिरवायचा. व्हॅक्यूम नसेल तर नवा, कोरडा रंगाचा ब्रश. ओलं फडकं, फिनेल, काच पुसायचं पाणी यांतलं काही नाही. आतला कप्पा उघडू नका.

पावसाळ्यात दोन त्रास होतात. एक म्हणजे किडे. अलार्मवरच्या बारीक दिव्याकडे आणि उबेकडे चिलटं, मुंग्या, कोळी ओढले जातात. एखादा कप्प्यात शिरला की मध्यरात्री भोंगा. छतातल्या भोकातून मुंग्या येत असतील तर ते पुट्टीने बुजवा. अलार्मवर झुरळांचा स्प्रे मारू नका; त्याचे थेंब कप्प्याला धूरच वाटतात. दुसरा त्रास दमटपणाचा. किनारपट्टीवर जुलैत आर्द्रता नव्वदीच्या आसपास असते, त्यात एसीने गार झालेल्या खोलीचं दार उघडलं की अलार्मवर बाष्प धरतं. वरचेवर असं होत असेल तर जागा दोन-तीन फूट बदला. बहुधा तेवढ्याने भागतं.

आता ती टिकटिक. दर ३० ते ६० सेकंदांनी एकच बारीक ‘टिक्’ म्हणजे सेल संपत आलाय. ईएन १४६०४ च्या अलार्मला ही सूचना निदान ३० दिवस देत राहावं लागतं. ती नेमकी पहाटे सुरू होते, कारण गारव्यात सेलचं व्होल्टेज खाली येतं. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात हे हमखास. सकाळी ऊन आलं की टिकटिक थांबते आणि आपण विसरतो. विसरू नका, त्याच दिवशी सेल आणा. नवा सेल घालूनही टिकटिक राहिली तर आधी टोकं नीट बसली आहेत का बघा, मग सेल काढून टेस्ट बटण पंधरा सेकंद दाबा, उरलेला चार्ज घालवा आणि सेल पुन्हा बसवा. तरीही थांबली नाही तर मागची तारीख वाचा. दहा वर्षं झालेली असतील.

फोडणीने वाजला तर हश बटण. त्याने अलार्म काही मिनिटं बधिर होतो, आणि पुन्हा आपोआप जागा होतो. आठवड्यातून दोन-तीनदा हश दाबावं लागत असेल तर दोष अलार्मचा नाही, जागेचा. चिमणी चालू करायला विसरता का, स्वयंपाकघराचं दार उघडं राहतं का, हेही बघा. सेल काढून फ्रिजवर ठेवणं हा उपाय नाही. तो सेल तिथेच राहतो.

गणपतीत घर भरलेलं असतं, सकाळ-संध्याकाळ धूप-कापूर. आरतीआधी हश दाबा. रंगकाम किंवा महापालिकेची धुरळणी असेल तेव्हा अलार्मवर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि संध्याकाळी काढा. पिशवीला लांब लाल रिबन बांधली की ती राहून जात नाही. रंगाऱ्याने अलार्मवरूनच ब्रश फिरवला असेल तर तो अलार्म बदलावा लागेल. रंग खरवडून फटी पूर्वीसारख्या होत नाहीत.

धुराशिवायचे धोके

स्मोक अलार्मला गॅसगळती कळत नाही. सिलिंडरचा एलपीजी हवेहून जड, तो जमिनीलगत साचतो. त्याचा डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर लागतो. पाइपने येणारा पीएनजी हलका, त्याचा डिटेक्टर छतापासून फूटभर खाली. सिलिंडरवरून पाइप गॅसवर गेलात आणि जुना डिटेक्टर खालीच राहिला, तर तो शोभेचा. बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे होणारा कार्बन मोनॉक्साइड तिसराच. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्यासाठी वेगळा सीओ अलार्म लागतो.

वाजल्यावर बाहेर कसे पडणार

अलार्म लावल्याच्या दिवशीच हे तपासा: सेफ्टी डोअरला आतून कुलूप लावता का, आणि त्याची किल्ली अंधारात, धुरात हाताला लागते का? किल्ली दाराशेजारीच खिळ्याला, मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर. खिडक्यांना पेटीसारखं ग्रिल असेल तर एका तरी ग्रिलला उघडणारी खिडकी करून घ्या. बाहेर पडताना लिफ्ट नाही. दाराला हाताची मागची बाजू लावून बघा. गरम असेल, किंवा जिन्यात धूर कोंडला असेल (खालच्या मीटर रूममधली आग जिन्यातूनच वर येते), तर दार उघडू नका. फटीत ओले टॉवेल कोंबा, रस्त्याच्या बाजूच्या खिडकीशी या आणि १०१ किंवा ११२ ला मजला आणि विंग सांगून फोन करा.

दहा वर्षांनी अलार्म उतरवाल तेव्हा सीलबंद लिथियमवाल्याला मागे एक खाच असते. स्क्रूड्रायव्हरने ती फिरवली की बॅटरी निकामी होते. तसं करून तो ई-कचऱ्यात द्या, घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात नको. आयोनायझेशनचा असेल तर पुरवठादाराकडेच परत. नवा आणाल तेव्हा ब्रॅकेटही नवंच बसवावं लागतं, जुन्यावर सहसा बसत नाही. भोकं मात्र बऱ्याचदा जुळतात, म्हणून कागदावरचा तो नकाशा जपून ठेवा.